रस्त्याचा अर्ज वेगळा, रात्रीच्या टोळक्याचा वेगळा

आमच्या कॉलनीने काही वर्षांपूर्वी नगरपरिषदेला एक अर्ज दिला. विषय असा होता: "रस्ता डांबरीकरण, पथदिवे बसविणे व रात्री बसणाऱ्या मुलांचा बंदोबस्त करणेबाबत." साठेक सह्या होत्या. बांधकाम विभागाने तो विद्युत विभागाकडे पाठवला. तिथे "पोलीस ठाण्याशी संबंधित" असा शेरा पडला, अर्ज फिरून पुन्हा बांधकामात आला आणि फाईल मिटली. चूक आमचीच होती. एका कागदावर तीन टेबलांची कामं लिहिली की प्रत्येक टेबलाला तो पुढे ढकलायला कारण सापडतं.

खाली जे सांगतोय ते नगरपरिषद आणि नगरपंचायतीच्या गावांसाठी आहे. महानगरपालिकेत मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आणि क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालय धरा, बाकीची वाट बरीचशी तीच.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम 1965 च्या कलम 49 प्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणं, त्यांची निगा राखणं आणि त्यांवर दिवे लावणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. यातला कळीचा शब्द 'सार्वजनिक'. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांना कितीही अर्ज द्या, उत्तर एकच येईल. आणि नव्या प्लॉटिंगमधला रस्ता अनेकदा कोणाचाच नसतो. लेआऊट मंजूर झालेला असतो, प्लॉट विकले गेलेले असतात, पण अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा बिल्डरने नगरपरिषदेच्या ताब्यात दिलेलीच नसते. अशा रस्त्यावर खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, म्हणून अभियंता हात लावत नाही.

तेव्हा नगररचना विभागात जाऊन मंजूर अभिन्यासाची (म्हणजे लेआऊटची) नक्कल मागा आणि रस्ता हस्तांतरित झालाय का ते विचारा. झाला नसेल तर पहिला अर्ज डांबराचा नको, हस्तांतरणाचा हवा. या एका गोष्टीत लोकांची दोन-दोन वर्षं जातात.

रस्ता दोन-तीन वर्षांतच उखडला असेल तरी नवीन रस्ता मागू नका. कंत्राटात दोष दायित्व कालावधी असतो आणि त्या काळात ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची असते. अर्जात "सदर काम दोष दायित्व कालावधीत असल्यास ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी" एवढं वाक्य टाका. नगरपरिषदेचा पैसा लागत नसल्याने असा अर्ज लवकर हलतो.

अर्ज कोण करू शकतं, काय जोडायचं

रस्त्याच्या मागणीसाठी पात्रतेची अट नाही. भाडेकरूही अर्ज करू शकतो, शुल्क लागत नाही. "घरपट्टी थकली असेल तर अर्ज घेणार नाही" असं खिडकीवर ऐकू येतं. थकबाकी वसूल करणं हा त्यांचा हक्क आहे, पण अर्ज आवक करून घेणं ही वेगळी बाब. तरीही चालू वर्षाची घरपट्टी पावती जोडा, वाद वाचतो.

बाकी कागदपत्रं साधी आहेत: मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, राहत असल्याचा पुरावा, खड्ड्यांचे तारखेसह फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि सह्यांचा कागद. नकाशाकडे लोक दुर्लक्ष करतात. "गणपती मंदिरापासून" असं लिहिलं तर गावात चार गणपती मंदिरं असतात. प्रभाग क्रमांक, कुठून कुठपर्यंत, लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहा. टेपने मोजा, अर्धा तास लागतो. सह्यांसोबत घर क्रमांक घ्या. नुसत्या सह्या कोणी मोजत नाही.

दोन प्रती काढा. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोहोच म्हणजेच तुमचा अर्ज. ती नसेल तर तुम्ही काही दिलेलंच नाही. प्रभागाच्या नगरसेवकाला एक प्रत जरूर द्या, पण "साहेबांना सांगितलंय" यावर थांबू नका.

पुढे अभियंता पाहणी करतो, त्या कामाच्या खर्चाचा अंदाज तयार होतो, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, सभेचा ठराव, निविदा आणि शेवटी कार्यादेश. हे सगळं निधी असेल तर. म्हणून अर्जाची वेळ महत्त्वाची. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. दिवाळीच्या आसपास दिलेल्या अर्जाला त्यात जागा मिळू शकते. जूनमध्ये दिलेला अर्ज पावसात भिजतो, कारण तेव्हा डांबरीकरण बंदच असतं. खड्डा बुजवणं मात्र बारमाही काम आहे, त्याला अंदाजपत्रकाची वाट पाहायला लावू देऊ नका.

पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायला सुरुवात केली. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून 5 लाखांपर्यंतचं काम सुचवायचं, अशी ती पद्धत. पदपथ, दिवे, बाक असली छोटी कामं त्यातून होतात. आपल्या शहरात असं काही आहे का हे लेखा विभागात एकदा विचारा.

खड्ड्यामुळे कोणी जखमी झालं किंवा जीव गेला तर तो वेगळा विषय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा मृत्यूसाठी 6 लाख आणि दुखापतीसाठी 50 हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. त्यासाठीच्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

"मुलांना रात्रीची संचारबंदी लावा"

कॉलनीच्या बैठकीत ही मागणी हमखास निघते. कोपऱ्यावर बारापर्यंत गाड्यांवर बसलेली पोरं, मोठ्या आवाजातली गाणी, सायलेन्सर काढलेल्या बाइक. राग खरा आहे, पण मागणी चुकीच्या दारात जाते. अमेरिकेत शहरांच्या कौन्सिल अल्पवयीन मुलांसाठी रात्रीची बंदी घालतात (टेक्सासने 2023 मध्ये आपल्या शहरांचा तो अधिकार काढून घेतला). आपल्याकडे नगरपरिषदेला तो अधिकारच नाही. तिने ठराव केला तरी तो कागदच राहील.

जमावबंदी आणि संचारबंदी या शब्दांचीही गल्लत होते. जमावबंदीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त लोकांनी एकत्र यायचं नसतं, संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नसतं. दोन्हींचे आदेश ज्या कलमाखाली निघतात त्याला पूर्वी कलम 144 म्हणायचे. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे. आदेश जिल्हाधिकारी किंवा प्रांत, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त काढतात. तो सहसा दोन महिन्यांपलीकडे चालत नाही आणि तातडीच्या धोक्यासाठी असतो. 22 डिसेंबर 2020 पासून महापालिका क्षेत्रांत रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी लागली होती, तीही राज्य सरकारने, कोरोनासाठी. कोपऱ्यावरच्या सहा पोरांसाठी हे हत्यार कोणी काढणार नाही, आणि काढूही नये असं माझं मत आहे. त्या सहांतला एक रात्रपाळीहून येणारा असतो आणि एकाच्या घरात बसायला जागा नसते.

मग अर्ज कशाचा करायचा? वयाचा नाही, कृतीचा. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लिहा: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, काय घडलं. सार्वजनिक जागी असभ्य किंवा शांतता भंगणारं वर्तन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 110 आणि 112 मध्ये येतं. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी आहे. गाडी चालवणारा अठराच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही 12 महिने रद्द होते. हे कलम पालकांच्या कानावर गेलं तरी पुष्कळ फरक पडतो. घटना चालू असताना अर्ज नको, 112 ला फोन करा.

अर्जात मुलांची नावं आणि फोटो टाकू नका, कॉलनीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. अठराखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशी बोलायची वेळ मागा. आमच्याकडे त्यांनी दोन पालकांना बोलावून घेतलं आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

उरलेला निम्मा मात्र नगरपरिषदेकडेच येतो, तोही स्वतंत्र अर्जाने. बंद पथदिवे, खांब क्रमांकासह. उद्यान बंद करायची वेळ आणि त्याचं कुलूप. रस्त्यावर आलेली टपरी अतिक्रमण विभागाकडे. टपरी शाळेपासून 100 यार्डांच्या आत असून तंबाखू विकत असेल, किंवा कुठेही अठराखालच्याला विकत असेल, तर तो केंद्रीय तंबाखू कायद्याचा भंग आहे आणि ती तक्रार पोलिसांकडेही चालते. आमचा बंद दिवा दुसऱ्या अर्जानंतर आठवड्यात लागला. रस्त्याला मात्र पुढचं वर्ष उजाडलं.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर थांबा, मग आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या. सोबत आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवा. तरीही शांतताच असेल तर माहिती अधिकारात "आवक क्रमांक अमुकवर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची नक्कल" मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, म्हणजे रस्त्याचा वेगळा आणि दिव्याचा वेगळा. पोलीस ठाण्याच्या अर्जाबद्दल तिथल्याच जन माहिती अधिकाऱ्याकडे मागायचं. उत्तर मिळालं नाही किंवा अपुरं मिळालं तर 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो. अपिलाच्या सुनावणीला जाताना पोहोच असलेली मूळ प्रत सोबत न्या आणि झेरॉक्सच त्यांच्या हातात द्या.