कॅन्सस-नेब्रास्का कायदा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ३० मे १८५४ रोजी संमत झालेला कायदा. मिसूरी नदीच्या पश्चिमेकडील अफाट मुलखाचे त्याने कॅन्सस आणि नेब्रास्का असे दोन प्रदेश पाडले आणि तेथे गुलामगिरी असावी की नसावी, याचा निर्णय तेथे जाऊन राहणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांवर सोपवला. भांडण राजधानीतून माळरानावर गेले की शमेल, अशी तो करणाऱ्यांची अपेक्षा होती. दोन वर्षांत त्या माळरानावर खून पडू लागले आणि सात वर्षांत देश यादवी युद्धात उतरला.

या मुलखाचा प्रश्न १८२० च्या मिसूरी तडजोडीने मिटवलेला होता. मिसूरी गुलामगिरीचे राज्य म्हणून आणि मेन मुक्त राज्य म्हणून संघात घ्यायचे, आणि १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना मुलखात, मिसूरी वगळता, ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी येऊ द्यायची नाही, असे तेव्हा ठरले. ही रेघ चौतीस वर्षे टिकली. मात्र या काळात दक्षिणेचे अर्थकारण पालटले. १७९३ मध्ये एलाय व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र आणल्यापासून कापसाचे मळे पश्चिमेकडे सरकत गेले आणि त्यांबरोबर माणसांची विक्रीही. १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या साडेएकोणचाळीस लाखांवर होती. प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात) दोनच जागा असल्याने नवे राज्य कोणत्या बाजूचे, यावर मळेवाल्यांची सत्ता अवलंबून होती. पश्चिमेच्या ओसाड जमिनीवरून एवढी झुंज का लागली, याचे उत्तर येथे आहे.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धात (१८४६–४८) जिंकलेल्या भूमीने वाद पुन्हा पेटला. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला फरारी गुलामांविषयीचा कडक कायदा मिळाला. पकडलेल्या व्यक्तीला ज्यूरी नव्हती, स्वतःची साक्ष देण्याचा हक्क नव्हता. प्रकरण ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला तिला मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर आणि सोडल्यास पाच डॉलर मिळत. पकडण्याच्या कामी मदत करणे सामान्य नागरिकावरही बंधनकारक होते. गुलामगिरी ही दूरच्या दक्षिणेची बाब आहे, असे मानून स्वस्थ बसलेल्या उत्तरेच्या दारात ती या कायद्याने आणून उभी केली. मे १८५४ मध्ये व्हर्जिनियातून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला बॉस्टनमध्ये पकडले, तेव्हा जमावाने न्यायालयाच्या इमारतीवर हल्ला केला आणि एक पहारेकरी मारला गेला. २ जूनला सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेण्यात आले, तेव्हा कॅन्ससच्या कायद्यावर सही होऊन तीनच दिवस झाले होते.

कायद्याचा कर्ता इलिनॉयचा सिनेटर स्टीव्हन डग्लस. शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची तर या मुलखात रीतसर शासन हवे होते आणि त्यासाठी दक्षिणेच्या सिनेटरांची मते लागणार होती. त्यांनी किंमत मागितली ती १८२० ची रेघ पुसण्याची. डग्लसने ती दिली आणि तिला ‘लोकसार्वभौमत्व’ असे भारदस्त नाव दिले. पण ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता, त्या कृष्णवर्णीयांना या सार्वभौमत्वात मत नव्हते. शॉनी, डेलावेअर, किकापू इत्यादी जमातींना पूर्वेकडून हुसकून याच भूमीत ‘कायमचे’ वसवले होते, त्यांनाही कोणी विचारले नाही. प्रतिनिधिगृहात विधेयक ११३ विरुद्ध १०० मतांनी निभावले. त्याच्या धक्क्याने डेमोक्रॅटिक पक्षाचा जुना प्रतिस्पर्धी असलेला व्हिग पक्ष मोडला आणि गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. राजकारणातून जवळजवळ निवृत्त झालेला एब्राहम लिंकन याच कायद्यामुळे पुन्हा सभा गाजवू लागला.

कॅन्ससमध्ये बहुमत जमवण्याची शर्यत लागली. ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधून मदत घेऊन आलेल्या गुलामगिरीविरोधकांनी लॉरेन्स हे गाव वसवले. शेजारच्या मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या केवळ मतदानापुरत्या सरहद्द ओलांडून येत. मार्च १८५५ च्या निवडणुकीत पात्र मतदार सुमारे २,९०० होते, मते पडली ६,००० च्या वर. निवडून आलेल्या विधिमंडळाने गुलामगिरीचे कडक कायदे केले. विरोधकांनी टोपीका येथे स्वतःचे सरकार मांडले. मात्र हे विरोधक सगळेच कृष्णवर्णीयांचे कैवारी होते, असे समजणे चुकीचे ठरेल. टोपीका पक्षाच्या मतदारांनी स्वतंत्र कृष्णवर्णीयांना प्रदेशात येऊच देऊ नये, असाही कौल दिला. अनेकांना गुलाम नको होते, कारण त्यांना शेजारी कृष्णवर्णीय नको होता.

मे १८५६ मधील चार-पाच दिवसांत सगळे उतू गेले. २१ तारखेला लॉरेन्स लुटले गेले, छापखाने फोडले. दुसऱ्या दिवशी सिनेटच्या सभागृहात साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स याने, कॅन्ससवर घणाघाती भाषण केलेल्या चार्ल्स समनर या सिनेटरला काठीने रक्तबंबाळ केले. समनर तीन वर्षांहून अधिक काळ नियमित कामकाजात येऊ शकला नाही. ब्रुक्सला दक्षिणेतून भेट म्हणून नव्या काठ्या आल्या. २४ च्या रात्री पॉटावाटोमी ओढ्याकाठी गुलामगिरीचा कडवा विरोधक जॉन ब्राउन याच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरांतून ओढून तलवारींनी कापले. हाच ब्राउन ऑक्टोबर १८५९ मध्ये व्हर्जिनियातील हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर चालून गेला आणि फासावर चढला.

मार्च १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कृष्णवर्णीय व्यक्ती अमेरिकेची नागरिक होऊ शकत नाही आणि प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) नाही, असा निकाल दिला. डग्लसचा मध्यममार्ग त्याने पोकळ ठरवला. राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी लेकॉम्प्टन येथे तयार झालेली गुलामगिरीची राज्यघटना कॅन्ससवर लादू पाहिली, तेव्हा डग्लसच विरोधात उभा राहिला. कॅन्ससच्या मतदारांनी १८५८ मध्ये ती मोठ्या बहुमताने फेटाळली. या दोघांचा डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला आणि १८६० मध्ये सुमारे ४० टक्के मतांवर लिंकन निवडून आला. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघातून बाहेर पडले. हे राज्यांच्या हक्कांचे भांडण होते, असे पुढे पुष्कळ सांगितले गेले; पण मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यातच आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे लिहून ठेवले आहे.

दक्षिणेचे सिनेटर जागा सोडून गेल्यावर कॅन्ससचे विधेयक अडवायला कोणी उरले नाही. २९ जानेवारी १८६१ रोजी ते मुक्त राज्य म्हणून संघात आले; १२ एप्रिलला साउथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या संघाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मिसूरीतील आयलंड माउंड येथे कॅन्ससची कृष्णवर्णीय पलटण लढली. तिच्यातले अनेक जण मिसूरीच्या मळ्यांवरून पळून आलेले गुलाम होते.