सेंट्रल डिव्हिजनमधले संघ का बदलत गेले: पार्श्वभूमी

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग; तिचे संघ डिव्हिजन नावाच्या गटांत विभागलेले असतात. तिच्या सेंट्रल डिव्हिजनमध्ये सध्या आठ संघ आहेत: शिकागो, कोलोरॅडो, डॅलस, मिनेसोटा, नॅशव्हिल, सेंट लुइस, युटा आणि विनिपेग. 1993 मध्ये डिव्हिजनला हे नाव मिळाल्यापासून एकही हंगाम न चुकवता तिथेच खेळलेला संघ एकच, शिकागो. सेंट लुइसचे नाव अनेक जण त्याच्या जोडीने घेतात, पण महासाथीच्या 2020–21 च्या हंगामात सेंट लुइस दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. जुने आकडे चाळताना अशा बारीक गोष्टीच घोळ घालतात.

1993 च्या आधी ही नॉरिस डिव्हिजन होती. त्या वर्षी लीगने डिव्हिजनांची व्यक्तींवरून पडलेली नावे काढून भौगोलिक नावे दिली आणि त्याच वेळी संघही हलवले. टॅम्पा बे नॉरिसमध्ये एकच हंगाम खेळून पूर्वेकडे गेला, विनिपेग स्माइथ डिव्हिजनमधून इकडे आला आणि मिनेसोटाचा संघ त्याच उन्हाळ्यात डॅलसला गेला. शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइस, टोरंटो, डॅलस आणि विनिपेग हे पहिल्या हंगामाचे सहा संघ. 1996 मध्ये विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला, पण डिव्हिजन तीच राहिली. म्हणजे दोन हंगाम टोरंटो आणि फिनिक्स एकाच डिव्हिजनमध्ये होते.

हे 1998 मध्ये मोडले. नॅशव्हिलचा नवा संघ आला, लीगने चारऐवजी सहा डिव्हिजन केल्या, टोरंटो पूर्वेला गेला, डॅलस आणि फिनिक्स पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅसिफिक डिव्हिजनमध्ये गेले. सेंट्रलमध्ये उरले चारच: शिकागो, डेट्रॉइट, नॅशव्हिल, सेंट लुइस. 2000 मध्ये कोलंबस आल्यावर पाच झाले आणि ही पाच नावे 2013 पर्यंत टिकली. मधल्या काळात वेळापत्रक मात्र बदलत राहिले. 2005 ते 2008 या तीन हंगामांत डिव्हिजनमधल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी आठ सामने होते, म्हणजे 82 पैकी 32 सामने त्याच चार संघांशी. 2008 पासून आठाचे सहा झाले. त्यामुळे 2007 आणि 2011 च्या हंगामांतले डिव्हिजनअंतर्गत गुण शेजारी ठेवून तुलना करू नये. सामन्यांची संख्याच वेगळी आहे.

2013 च्या फेररचनेमागचे खरे कारण घड्याळ. डेट्रॉइट आणि कोलंबस पूर्वेच्या वेळेवर चालतात. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना तिथे रात्री दहाला दिसतो आणि साडेबारापर्यंत चालतो. शाळकरी मुले झोपलेली असतात, जाहिरातींचे दर पडतात आणि बाद फेरीत हेच दिवसाआड सोसावे लागते. डॅलसची तक्रार तीच, फक्त दोन तासांची: पॅसिफिक डिव्हिजनमध्ये असल्याने त्याचे बरेचसे बाहेरगावचे सामने घरच्या घड्याळाप्रमाणे रात्री उशिरा सुरू होत. त्यात 2011 मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला गेला, पण अटलांटाच्याच साउथईस्ट डिव्हिजनमध्ये ठेवला गेला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या थंडीतला हा संघ दोन हंगाम फ्लोरिडा, टॅम्पा बे, कॅरोलायना आणि वॉशिंग्टन यांच्याशी डिव्हिजनचे सामने खेळला. तासाभराच्या उड्डाणावर असलेला मिनेसोटा मात्र वेगळ्याच कॉन्फरन्समध्ये (लीगच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांपैकी दुसऱ्यात) होता.

पहिला तोडगा डिसेंबर 2011 मधला. मालकांच्या मंडळाने चार गटांची योजना मंजूर केली: दोन गट आठ संघांचे, दोन सात संघांचे, आणि प्रत्येकातून पहिले चार बाद फेरीत. खेळाडूंच्या संघटनेने जानेवारी 2012 मध्ये संमती नाकारली. प्रवासाचा बोजा हे एक कारण होते. दुसरे कारण साधे गणित होते: आठांतून चार म्हणजे 50 टक्के संधी, सातांतून चार म्हणजे 57 टक्के. मार्च 2013 मध्ये दोन्ही बाजूंना मान्य झालेल्या योजनेत डेट्रॉइट आणि कोलंबस पूर्वेला गेले. कोलोरॅडो, डॅलस, मिनेसोटा आणि विनिपेग सेंट्रलमध्ये आले. विषमता मात्र गेली नाही, तिने बाजू बदलली. पश्चिमेत 14 संघ, पूर्वेत 16, आणि दोन्हीकडून आठ-आठ संघ बाद फेरीत. 2017 मध्ये वेगास आणि 2021 मध्ये सिएटल हे नवे संघ पश्चिमेत आल्यावर ती मिटली.

डेट्रॉइटच्या जाण्याने डिव्हिजनचे मोठे नुकसान झाले, हे स्पष्ट म्हणायला हवे. शिकागो आणि डेट्रॉइट ही दशकानुदशके जुनी चुरस. 2013 च्या दुसऱ्या फेरीत शिकागो 3–1 असा मागे पडला होता आणि सातव्या सामन्यात जादा वेळेत जिंकला. पुढच्या हंगामापासून हे दोन संघ साखळीत वर्षाला दोनदाच भेटू लागले.

आता सर्वात गुंतागुंतीचा भाग. ‘विनिपेग जेट्स’ हे नाव सेंट्रलच्या तक्त्यात दोनदा येते: 1993 ते 1996 आणि 2013 पासून पुढे. हे दोन वेगळे संघ आहेत. लीगच्या नियमाप्रमाणे विक्रम फ्रँचायझीचे, म्हणजे मालकीच्या संघाचे असतात, शहराचे नसतात. सातबारा जमिनीबरोबर राहतो. फ्रँचायझीची नोंद मात्र मालकीबरोबर गाव सोडून जाते. त्यामुळे 1979 ते 1996 मधले विनिपेगचे एनएचएलचे सगळे आकडे फिनिक्सच्या, पुढे ॲरिझोना झालेल्या संघाच्या खात्यात आहेत, आणि आजच्या विनिपेगच्या खात्यात 1999 पासूनचे अटलांटाचे आकडे आहेत.

याचा परिणाम नोंदींत कसा दिसतो? 1992–93 मध्ये विनिपेगच्या एका नवख्या खेळाडूने 76 गोल केले. नवख्या खेळाडूचा हा लीगमधला विक्रम आजही उभा आहे. तो विनिपेगच्या बर्फावर घडला, तरी आजच्या जेट्सच्या विक्रमांत तो सापडत नाही. जेट्सचा एका हंगामातला सर्वाधिक गोलांचा विक्रम 52 आहे आणि तो अटलांटामध्ये, विनिपेगसाठी कधीच न खेळलेल्या खेळाडूकडून झाला. डिव्हिजनच्या विजेतेपदांचेही तेच. जुन्या संघाने एनएचएलमध्ये विनिपेगला असताना एकदाही डिव्हिजन जिंकली नाही; त्याचे पहिले विजेतेपद 2011–12 मध्ये, फिनिक्समधून, पॅसिफिकचे. आजच्या संघाच्या खात्यातले पहिले विजेतेपद 2006–07 चे, अटलांटामधून, साउथईस्टचे. विनिपेगमध्ये बसून एनएचएलची डिव्हिजन जिंकण्याचा पहिला प्रसंग 2024–25 चा.

मिनेसोटाबाबत असा गोंधळ होत नाही. जुना संघ डॅलसला गेला, 2000 मध्ये आलेल्या नव्या संघाने वेगळे नाव घेतले. क्वेबेकचा संघ कोलोरॅडोला गेला आणि क्वेबेकला पुन्हा संघ मिळालाच नाही. जुने नाव पुन्हा वापरले म्हणूनच विनिपेगची नोंद अडते. सेंट्रलमधली विनिपेगची कामगिरी मोजायची असेल तर आधी हंगाम पाहावा, मग तो संघ कोणत्या फ्रँचायझीचा हे ठरवावे आणि त्यानंतरच बेरीज करावी. शहराच्या नावावर गाळणी लावली की 1993–96 चे तीन हंगाम चुकीच्या संघाला चिकटतात.

2021 मध्ये हा गुंता आणखी वाढला. सिएटलला व्हँकुव्हरजवळची पॅसिफिक डिव्हिजन द्यायची म्हणून तिथला एक संघ काढणे भाग होते आणि ते ॲरिझोनाच्या वाट्याला आले. निर्णय डिसेंबर 2018 मध्येच जाहीर झाला होता. त्यामुळे 2021 ते 2024 अशी तीन वर्षे जुन्या विनिपेगची फ्रँचायझी आणि आजचे विनिपेग एकाच डिव्हिजनमध्ये समोरासमोर खेळले. घड्याळाच्या हिशेबानेही हे स्थलांतर गैरसोयीचे होते. ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग उन्हाळी वेळ पाळत नाही. हिवाळ्यात तो शिकागो-डॅलसच्या एक तास मागे असतो. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चच्या मध्यापासून दोन तास मागे. हंगामातले निर्णायक सामने नेमके मार्च-एप्रिलमध्ये होतात.

ॲरिझोनाची पडझड इथे थोडक्यात. शेवटचे दोन हंगाम तो ॲरिझोनातल्या टेम्पी शहरातल्या विद्यापीठाच्या, पाच हजारांपेक्षा कमी आसनांच्या रिंकवर खेळला. नव्या स्टेडियमचा प्रस्ताव टेम्पीच्या मतदारांनी मे 2023 मध्ये फेटाळला. 18 एप्रिल 2024 रोजी खेळाडू, ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क आणि हॉकीचा सगळा व्यवहार युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या नव्या मालकांकडे देण्यास मंजुरी मिळाली. व्यवहार 1.2 अब्ज डॉलरचा. नाव, चिन्ह आणि इतिहास मात्र ॲरिझोनाच्या मालकाकडे ठेवला गेला, कारण पाच वर्षांत स्टेडियम उभे राहिले तर त्याला संघ पुन्हा सुरू करता येणार होता. म्हणून युटाची नोंद नव्या संघासारखी, शून्यापासून झाली.

हा निर्णय चुकीचा होता असे आमचे मत आहे. 1996 मध्ये विनिपेग फिनिक्सला गेला तेव्हा इतिहास सोबत गेला. 2011 मध्ये अटलांटा विनिपेगला आला तेव्हाही गेला. 2024 मध्ये तेच खेळाडू त्याच डिव्हिजनमध्ये पुढच्या हंगामात उतरले आणि इतिहास तेवढा मागे राहिला. याला अमेरिकन फुटबॉलमधला क्लीव्हलँडचा दाखला आहे: संघ बाल्टिमोरला गेला, नाव आणि विक्रम क्लीव्हलँडमध्ये राहिले आणि 1999 मध्ये तिथे संघ परत आला. पण तिथे इतिहास त्याच्या शहराकडे राहिला. इथे मालकाने जून 2024 मध्येच, म्हणजे साधारण दोन महिन्यांत, हक्क सोडला. ज्या कारणासाठी अपवाद केला ते कारण संपले, अपवाद तसाच राहिला. परिणामी 1979 पासूनच्या आकड्यांना आज खेळणारा वारसच नाही. इतिहास निदान विनिपेगला परत द्यायला हवा होता. सॉल्ट लेक सिटीच्या नव्या प्रेक्षकांना जुन्या पराभवांचे ओझे नको, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे, पण तो 1996 मध्ये फिनिक्सलाही लागू होता आणि तेव्हा कोणी तो मानला नाही.

घड्याळाच्या दृष्टीने मात्र युटाने डिव्हिजन सुधारली. युटा उन्हाळी वेळ पाळते, त्यामुळे आठपैकी सहा संघ सेंट्रल वेळेवर आणि कोलोरॅडो व युटा बारा महिने त्यापेक्षा एक तास मागे. संघाला मे 2025 मध्ये मॅमथ हे कायमचे नाव मिळाले.

2020–21 चा हंगाम बेरजेतून वेगळा काढावा. कॅनडाची सीमा बंद असल्याने डिव्हिजन तात्पुरत्या बदलल्या. त्या वर्षीच्या सेंट्रलमध्ये शिकागो, डॅलस, नॅशव्हिल, डेट्रॉइट, कोलंबस, कॅरोलायना, फ्लोरिडा आणि टॅम्पा बे होते. प्रत्येकाशी आठ, असे एकूण 56 सामने, सगळे डिव्हिजनमध्येच. कॅरोलायना पहिला आला. तिसऱ्या क्रमांकावरच्या टॅम्पा बेने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. सेंट्रलने जिंकलेल्या कपांच्या यादीत तो धरायचा की नाही, हे यादी करणाऱ्याने आधीच लिहून ठेवावे.

बाद फेरीच्या नोंदीतही एक सापळा आहे. डिव्हिजनचे पहिले तीन थेट जातात, उरलेल्या दोन जागा कॉन्फरन्समधल्या पुढच्या दोघांना मिळतात. सेंट्रलमधून पाच संघ गेले की त्यातला एक पॅसिफिकच्या बाजूला खेळतो: 2015 मध्ये विनिपेग ॲनाहाइमविरुद्ध, 2022 मध्ये डॅलस कॅल्गरीविरुद्ध, 2025 मध्ये मिनेसोटा वेगासविरुद्ध. दुसरा आणि तिसरा मात्र पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर येतात. 2025 मध्ये 106 गुणांचा डॅलस आणि 102 गुणांचा कोलोरॅडो असेच भेटले आणि त्यातला एक लगेच घरी गेला.

2021 पासून डिव्हिजनअंतर्गत 26 सामने होते: पाच प्रतिस्पर्ध्यांशी चार-चार, दोघांशी तीन-तीन. कोणाशी तीन हे दरवर्षी बदलायचे. 2026–27 पासून हंगाम 84 सामन्यांचा होत आहे आणि सातही प्रतिस्पर्ध्यांशी चार-चार सामने ठरले आहेत. 32 संघ आणि आठ-आठांच्या चार डिव्हिजन यावर हे गणित बसते. पश्चिमेत आणखी एक संघ आला की सेंट्रल किंवा पॅसिफिक यांपैकी एकीत नऊ संघ होतील आणि कोणाला हलवायचे हा प्रश्न पुन्हा उघडेल.