इन्फ्ल्यूएंझा-प्रतिरक्षण, उंदरांतील

इन्फ्ल्यूएंझा विषाणूच्या आवरणावरील प्रथिने टोचून प्रयोगशाळेतील उंदरांत प्रतिकारशक्ती निर्माण करण्याची व ती मोजण्याची पद्धत. २००९ च्या साथीत सोलापूरसह महाराष्ट्रभर ‘स्वाइन फ्लू’ या नावाने घरोघरी पोचलेला एच१एन१ विषाणू याच कुळातला. त्याच्या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ ही दोन प्रमुख पृष्ठप्रथिनांचीच आद्याक्षरे होत.

हीमॅग्लुटिनिन (एच) पेशीवरील सियालिक आम्ल या शर्करेच्या घटकाला चिकटते आणि विषाणूला आत शिरू देते. न्यूरामिनिडेज (एन) तेच आम्ल तोडून नवे विषाणू मोकळे करते. एम२ हे तिसरे प्रथिन फारच थोडे बाहेर डोकावते.

इतिहास : मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू १९३३ मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी फेरेट या प्राण्यात मिळवला. उंदरांना त्याची लागण होते, हे १९३४ मध्ये याच गटाने आणि अमेरिकेत टॉमस फ्रान्सिस यांनी दाखवले. हा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो, या गुठळीकरणाचा शोध सहसा जॉर्ज हर्स्ट यांच्या नावावर लावतात. मात्र त्याच वर्षी, १९४१ मध्ये, कॅनडात मॅक्लेलंड व हेअर यांनीही तो स्वतंत्रपणे नोंदवला होता. तेव्हा श्रेय विभागून देणे अधिक न्याय्य ठरेल. चिकटलेला विषाणू काही वेळाने पेशींवरून आपोआप सुटतो, हेही हर्स्ट यांच्या ध्यानात आले होते. या सुटण्यामागच्या विकराचे, म्हणजे न्यूरामिनिडेजचे, रासायनिक स्वरूप गॉटशाल्क यांच्या १९५७ च्या सुमाराच्या कामातून स्पष्ट झाले. सुटी केलेली प्रथिने उंदरांना टोचण्याची सुरुवात एका वर्षावर ठेवता येत नाही. शुद्धीकरणाच्या रीती सुधारल्या तशी, साधारण १९६० नंतर, ती रुळली असावी.

पद्धत : शुद्ध प्रथिन, बहुधा ॲल्युमिनियमच्या क्षारासारख्या, प्रतिसाद वाढवणाऱ्या सहायक द्रव्यासह, मांडीच्या स्नायूत टोचतात. दोन ते चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. नंतर रक्त काढून सीरमची, म्हणजे गोठलेल्या रक्तावरील निवळीची, दुपटीदुपटीने विरलता करतात आणि त्यात विषाणू व कोंबडीच्या रक्तपेशी मिसळतात. प्रतिपिंड पुरेसे असतील तर गुठळीकरण थांबते आणि चाचणीच्या ताटलीतील खळगीच्या तळाशी लाल टिकली दिसते. पद्धत सोपी व स्वस्त असल्याने हीमॅग्लुटिनिनलाच सारे वजन मिळाले. या चाचणीत मुख्यतः प्रथिनाच्या ‘डोक्याला’, म्हणजे बाहेरच्या टोकाला, चिकटणारे प्रतिपिंड दिसतात; खालच्या ‘देठा’विरुद्धचे बहुधा निसटतात. न्यूरामिनिडेजविरुद्धचे प्रतिपिंड लागण रोखत नसले तरी फुप्फुसातील विषाणूंची वाढ कमी करतात, हे किलबोर्न यांच्या गटाने १९६८ मध्ये उंदरांत दाखवले. त्याकडे लसनिर्मितीत दीर्घकाळ व्हायला हवे तेवढे लक्ष गेले नाही.

मर्यादा : प्रथिन टोचलेल्या उंदरांना पुढे मुद्दाम विषाणूची लागण करून पाहतात; तेव्हा ‘उंदीर वाचला’ या निष्कर्षाआधी उंदराचा वाण पाहावा. लिंडेनमान यांनी १९६२ मध्ये ए२जी वाणातील उपजत प्रतिकार वर्णिला. पुढे तो एमएक्स१ या जनुकाशी जोडला गेला. बाल्ब-सी व सी५७ ब्लॅक-६ या नेहमीच्या वाणांत ते जनुक निकामी असते. रानटी उंदराच्या मानाने हे वाण विषाणूपुढे मुळातच दुबळे. शिवाय अनेक मानवी विषाणू उंदरांत वारंवार संक्रमित करून आधी रुळवावे लागतात. खोकला-शिंकांतून होणारा प्रसार अभ्यासायचा असेल तर फेरेटच अधिक उपयोगी.

सोलापूरसारख्या ठिकाणी तापमान हा स्वतंत्र प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि प्राणीगृह सामान्यतः २० ते २६ अंशांत ठेवण्याचा दंडक आहे. हा प्रश्न प्राण्याच्या सुखसोयीपुरता नाही. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की ३६ अंशांत ठेवलेल्या उंदरांत इन्फ्ल्यूएंझाच्या लागणीला मिळणारा प्रतिकारप्रतिसाद मंदावतो. ते अन्नही कमी खातात. ग्लुकोज दिल्यावर प्रतिसाद बराच सावरला. म्हणून भारनियमनात शीतयंत्रणा काही दिवस बंद राहिली, तर त्या तुकडीचे निष्कर्ष वेगळे ठेवणेच योग्य. प्रथिनाच्या कुप्याही २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत.

भारतात असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ च्या नियमांनुसार चालतात. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची संमती आधी घ्यावी लागते. लागणीनंतर वजन ठरावीक मर्यादेपलीकडे, अनेकदा २० ते २५ टक्के, घटले की उंदराला वेदनारहित मृत्यू देतात.