पडद्यावरचा सैनिक आणि घरी परतलेला सैनिक

१९१६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या होत्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सोम नदीकाठी १ जुलैला सुरू झालेली लढाई अजून संपायची होती, आणि त्याच लढाईचं चित्रण मायदेशी राहिलेल्या लोकांना पाहायला मिळत होतं. 'द बॅटल ऑफ द सोम' हा मूकपट पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटांवर गेला, असं मानलं जातं. बायका, आया, बहिणी डोळे फाडून एकेक चेहरा पाहत होत्या. आपला माणूस दिसतोय का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. खंदकात चहा पिणारे, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे, जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन येणारे जवान खरे होते. मात्र ज्या दृश्याने सगळ्यांचा थरकाप उडाला, म्हणजे खंदकातून उडी घेऊन वर चढणारे आणि तिथेच कोसळणारे सैनिक, ते पिछाडीच्या एका प्रशिक्षण केंद्रात बेतून चित्रित केलेलं होतं, असं इतिहासकार आज मानतात. हल्ल्याला निघालेल्या त्या शिपायांच्या पाठीवर हल्ल्याचं ओझंच नाही, आणि कॅमेरा अशा जागी आहे की खऱ्या गोळीबारात तिथे कुणी टिकलंच नसतं.

सैनिक पडद्यावर आला तो असा. खऱ्या माणसांच्या गर्दीत मरणाचा क्षण तेवढा बनावट. त्या वेळच्या अवजड, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याला खरा हल्ला टिपणं अशक्यच होतं, त्यामुळे चित्रण करणाऱ्या दोघांना मी दोष देत नाही. पण पडद्याला सैनिकाकडून काय हवं असतं, हे त्या दृश्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. पुढची शंभर वर्षं मागणी तीच राहिली.

पडद्याची दुसरी सवय म्हणजे त्याला एकच माणूस हवा असतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातला ॲल्विन यॉर्क हा शेतकरी धार्मिक कारणांमुळे युद्धावर जायलाच तयार नव्हता. त्याच यॉर्कने ८ ऑक्टोबर १९१८ रोजी आर्गॉनच्या जंगलात मशीनगनच्या माऱ्यापुढे जाऊन १३२ जर्मन सैनिक कैद करून आणले. चित्रपटाला मात्र त्याने जवळजवळ वीस वर्षं नकार दिला. अखेर आपल्या वाट्याचा पैसा बायबल शाळेसाठी वापरायचा म्हणून तो राजी झाला. 'सार्जंट यॉर्क' १९४१ मध्ये आला, अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या काही महिने आधी. त्या वर्षी सर्वांत जास्त गल्ला त्यानेच जमवला आणि गॅरी कूपरला ऑस्कर मिळालं. त्या सकाळी यॉर्क ज्या तुकडीत होता, ती सतरा जणांची होती. वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे उघडपणे नाराजी व्यक्त केली की पराक्रम सगळ्यांचा होता, नाव एकाचं झालं. यॉर्कचं धैर्य खोटं नव्हतं. पण दोन तासांच्या गोष्टीत सतरा नायक मावत नाहीत, आणि जे मावत नाहीत ते लोकांच्या आठवणीतूनही पुसले जातात.

हे पुसलं जाणं किती खोल जाऊ शकतं ते इवो जिमाच्या झेंड्याने दाखवलं. या प्रकरणापाशी मला जरा रेंगाळायचं आहे.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या त्या बेटावर सहा अमेरिकी सैनिक झेंडा उभारताना टिपले गेले. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, पाठी दिसतात. छायाचित्र देशभर छापलं गेलं आणि मग नावं शोधायची घाई झाली. सहापैकी तिघे त्याच बेटावर पुढे मारले गेले. जिवंत म्हणून ज्या तिघांची नावं ठरली, त्यांना मायदेशी आणून युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी शहराशहरांतून फिरवलं. १९४९ मध्ये 'सँड्स ऑफ इवो जिमा' हा चित्रपट आला. त्यात जॉन ब्रॅडली, रेने गॅनन आणि आयरा हेझ हे तिघेही स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर दिसतात. झेंडा उभारण्याच्या दृश्यासाठी खराखुरा झेंडा नौदलाच्या मरीन दलाने दिला होता. याहून अस्सल काय असणार?

पण २०१६ मध्ये मरीन दलाने छायाचित्रांची बारकाईने तपासणी करून जाहीर केलं की त्या प्रसिद्ध छायाचित्रात ब्रॅडली नाही. तो त्याच दिवशी आधी उभारलेल्या छोट्या झेंड्यापाशी होता. २०१९ मध्ये दुसरी दुरुस्ती झाली: गॅननही त्यात नाही, झेंडा डोंगरावर पोहोचवण्याचं काम त्याचं होतं. म्हणजे चित्रपटात झेंडा खरा होता आणि स्वतः म्हणून उभ्या राहिलेल्या तिघांपैकी दोघे त्या छायाचित्रातले नव्हतेच. जे खरोखर होते त्यांतला एक, हॅरोल्ड शुल्त्झ, लॉस एंजेलिसमध्ये टपाल खात्यात नोकरी करून १९९५ मध्ये गेला. सावत्र मुलीजवळ जेवताना एकदा सहज बोलला होता की मीही होतो, आणि पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

तिसरा आयरा हेझ, ॲरिझोनातला पिमा आदिवासी. छायाचित्रातल्या एका मृत सैनिकाचं नाव चुकलंय, ती जागा हार्लन ब्लॉकची आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याने अधिकाऱ्याला सांगितलं तेव्हा नावं जाहीर झाली आहेत, आता गप्प राहा, असं उत्तर मिळालं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हा माणूस मिळेल त्या गाडीने लिफ्ट मागत हजारांहून अधिक मैल दूर टेक्ससमध्ये ब्लॉकच्या घरी गेला आणि त्याच्या वडिलांना म्हणाला, तो तुमचाच मुलगा आहे. ब्लॉकच्या आईने तर वर्तमानपत्रातली ती पाठ पाहूनच मुलाला ओळखलं होतं, पण तिचं कुणी ऐकलं नव्हतं. १९४७ मध्ये दुरुस्ती झाली. हेझला नायक म्हणवून घेणं कधी मानवलं नाही. तो दारूत बुडाला आणि १९५५ मध्ये ३२ व्या वर्षी गेला. त्याचं ते टेक्ससला जाणं मला झेंडा उभारण्याइतकंच मोठं वाटतं.

त्याच १९५५ मध्ये ऑडी मर्फी 'टू हेल अँड बॅक'मध्ये स्वतःच्याच भूमिकेत झळकला. वयाच्या १९ व्या वर्षी, जानेवारी १९४५ मध्ये, फ्रान्समधल्या होल्त्झवीर गावाजवळ तो पेटलेल्या रणगाडाविरोधी गाडीवर एकटा चढला आणि तासभर मशीनगन चालवून त्याने हल्ला थोपवला. चित्रपटात ती गाडी शेरमन रणगाडा झाली आणि जानेवारीतलं बर्फही गेलं. हे तपशील एक वेळ सोडून देऊ. जे मुळीच आलं नाही ते असं की मर्फीला रात्री झोप लागत नसे, वाईट स्वप्नं पडत, आणि उशीखाली भरलेलं पिस्तूल घेऊन तो झोपत असे. पुढे कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्या जवानांच्या मनावरच्या जखमांबद्दल तो उघडपणे बोलला. त्या काळात हे बोलायला किती धीर लागला असेल!

अशा जखमा पडद्यावर आणायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने लष्करासाठीच एका रुग्णालयात मनाने कोलमडलेल्या खऱ्या सैनिकांचा 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट केला. बोलता बोलता अडखळणारे, कारण नसताना पाय लुळे पडलेले, प्रेयसीच्या छायाचित्राचा विषय निघताच रडणारे तरुण त्यात आहेत. १९४६ मध्ये तो दाखवायच्या आधीच लष्कराने प्रत जप्त केली. रुग्णांच्या खासगीपणाचं कारण पुढे केलं गेलं. लोकांना तो पाहायला मिळाला तो १९८० नंतर. खऱ्या सैनिकाला दाखवण्यावर आक्षेप नव्हता, कोसळलेल्या सैनिकाला दाखवण्यावर होता.

युद्धानंतरच्या दोन ब्रिटिश चित्रपटांनी वेगळा घाव घातला. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल त्यांच्यासाठी पूल बांधण्यात रमून जातो. प्रत्यक्षात तिथल्या छावणीतले लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी आपल्या माणसांना जगवण्यासाठी धडपडत होते आणि त्यांचे सैनिक पुलाच्या लाकडात वाळवी सोडत होते. माजी युद्धकैद्यांना तो चित्रपट जिव्हारी लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धावरच्या 'झुलू'मध्ये हेन्री हूक हा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेला शिपाई दारुडा आणि कामचुकार दाखवलाय. खरा हूक दारूला शिवत नसे. पहिल्या खेळाला आलेल्या त्याच्या वृद्ध मुली मध्येच उठून गेल्या, असं सांगतात.

आपल्याकडे ही परंपरा १९६२ च्या पराभवाच्या दुःखातून सुरू झाली. चेतन आनंद यांचा 'हकीकत' १९६४ मध्ये लष्कराच्या मदतीने तयार झाला. त्यात माणसं काल्पनिक होती, हार मात्र खरी होती. त्यांनीच पुढे १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी परमवीरचक्र विजेत्यांवर मालिका केली आणि खऱ्या नावांचे जवान घराघरांत आले. त्याच सुमारास वाढलेल्या पिढीला सोमनाथ शर्मा, अब्दुल हमीद ही नावं पाठ आहेत ती बरीचशी त्यामुळे. कारगिलनंतर तर खऱ्या नावांचीच चलती झाली.

इथे एक व्यवहारही आहे. रणगाडे, विमानं, छावण्या हव्यात तर लष्कराची परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर संहिता दाखवायला हवी. अमेरिकेत हे कित्येक दशकं असंच चालत आलंय. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून, लष्करावरच्या चित्रपटांनी आणि वेब मालिकांनी आधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं सुचवलं. पुढच्याच महिन्यात 'गुंजन सक्सेना' या, कारगिल युद्धातल्या महिला हेलिकॉप्टर वैमानिकावरच्या चित्रपटावरून वाद पेटला. आपली प्रतिमा मलिन केल्याचा हवाई दलाचा आक्षेप होता. खुद्द सक्सेना यांनी दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की संस्था म्हणून हवाई दलाने स्त्री असल्यामुळे आपल्यावर अन्याय केला नाही. त्यांच्याबरोबरच उधमपूरला नेमणूक झालेली दुसरी महिला वैमानिकही होती. पडद्यावर ती नव्हती. यॉर्कच्या सोबत्यांची आठवण व्हावी असंच हे.

अमेरिकेत एका बॉम्बनाशक पथकातल्या सार्जंटने 'द हर्ट लॉकर' हा चित्रपट आपल्यावरच बेतलाय म्हणून दावा लावला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कलावंताचं स्वातंत्र्य मोठं ठरलं. कायदा म्हणून मला तो निकाल पटतो. तरीही ज्याचं आयुष्य उचललं जातं त्याच्या हातात काय उरतं, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांवरची 'बँड ऑफ ब्रदर्स' ही २००१ ची मालिका तर आस्थेने केलेली. बहुतेक भागांआधी खरे वृद्ध सैनिक बोलतात. तीत ॲल्बर्ट ब्लाइद जखमेतून कधी सावरला नाही आणि १९४८ मध्ये वारला, असं म्हटलंय. त्याच्या सोबत्यांचीही तशीच समजूत होती. खरं तर तो बरा झाला, सैन्यात राहिला, कोरियाच्या युद्धात लढला आणि १९६७ मध्ये गेला. जखमी म्हणून निघून गेलेला माणूस परत जगायला लागतो, हे गोष्टीत बसलं नाही.

आणि आपला 'बॉर्डर'. १९९७. लोंगेवालाच्या चौकीवर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे सुमारे १२० जवान होते. समोरचे पाकिस्तानी रणगाडे तारेच्या कुंपणापाशी थबकले, कारण पुढे सुरुंग असतील असा त्यांना संशय आला. सुरुंग नव्हतेच. पण शोधण्यात रात्रीचे मोलाचे तास गेले, आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. त्या साध्या तारेने चौकी वाचवायला मोठी मदत केली. चित्रपटात एकामागून एक ओळखीचे चेहरे प्राण देतात. प्रत्यक्षात आपले दोन जवान कामी आले. सुनील शेट्टीने साकारलेला सीमा सुरक्षा दलाचा भैरवसिंग रणगाड्याला भिडून हुतात्मा होतो.

खरे भैरोसिंग राठोड सहा-सात जणांच्या तुकडीसह त्या रात्री पंजाब रेजिमेंटच्या सोबत होते. ते वाचले. त्यांना सेना पदक मिळालं, १९८७ मध्ये ते नाईक म्हणून निवृत्त झाले आणि जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहिले. दहा वर्षांनी साऱ्या देशाने त्यांना पडद्यावर मरताना पाहिलं, टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. त्यानंतर ते आणखी २५ वर्षं जगले. १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरच्या एम्समध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा बातम्यांनी त्यांची ओळख त्या चित्रपटावरूनच करून दिली. आणि पडद्यावर त्यांचं मरण साकारणाऱ्या नटाने त्यांना, या वेळी खरोखर गेलेल्या नाईक भैरोसिंगजींना, समाजमाध्यमावर आदरांजली वाहिली.