कर्सर बंद कोणी करायचा?

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली क्वेरी ओळींचा अख्खा संच देते, पण कोबॉलसारख्या भाषेतला प्रोग्राम एका वेळी एकच ओळ हाताळतो. ही अडचण सोडवायला आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात, १९७०च्या दशकात, कर्सर, म्हणजे निकालात आपण कुठल्या ओळीवर आहोत हे सांभाळणारी खूण, वापरला गेला. १९८६च्या पहिल्या एसक्यूएल प्रमाणकातही तो होता. उघडायचा, ओळी घ्यायच्या, बंद करायचा. बॅच प्रोग्राम संपला की सगळंच सुटायचं, त्यामुळे बंद करायला कोणी विसरलं तरी सहसा निभावून जाई.

वेबच्या सुरुवातीला सीजीआयमुळे (वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवायची पद्धत) ही सवय टिकली. प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस. ती मेली की कनेक्शन आणि कर्सर दोन्ही गेले. प्रकार संथ, पण स्वच्छ! वेगासाठी कनेक्शन पूल, म्हणजे उघडी ठेवून पुन्हापुन्हा वापरायची डेटाबेस कनेक्शनं, आले आणि खरी पंचाईत झाली. पूलमधलं कनेक्शन मरत नाही, म्हणून त्यावर उघडा राहिलेला कर्सरही मरत नाही. जावावाल्यांना ओरॅकलची ‘ओआरए-०१०००’ ही एरर पाठ असते: उघड्या कर्सरची मर्यादा ओलांडली. त्यावर उपाय म्हणजे फायनलीच्या (काही झालं तरी चालणाऱ्या भागाच्या) आत आणखी ट्राय, असा कुरूप कोड. काम झालं की आपोआप बंद करणारं ट्राय-विथ-रिसोर्सेस यायला २०११चं जावा ७ उजाडलं.

पायथनवाले निर्धास्त राहिले, कारण सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, कर्सरकडे बोट दाखवणारा शेवटचा रेफरन्स गेला की कर्सर आपोआप निकाली निघतो. शिवाय पोस्टग्रेस डेटाबेससाठीच्या सायकोपीजी२ या लायब्ररीचा साधा कर्सर सगळा निकाल क्लायंटकडेच ओढून आणतो; सर्व्हरवर मागे काही उरत नाही. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क तर रिक्वेस्ट संपली की कनेक्शनच बंद करायचं. म्हणजे सीजीआयचीच शिस्त, फक्त प्रोसेस न मारता. २०१३च्या जँगो १.६मध्ये ‘कॉन_मॅक्स_एज’ने कनेक्शन टिकवायची सोय दिली, तरी डीफॉल्ट शून्यच, म्हणजे दर रिक्वेस्टनंतर बंद, असा ठेवला. माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. १.७पासून कर्सर ‘विथ’ ब्लॉकमध्ये (ब्लॉक संपला की आपोआप बंद) वापरता येऊ लागला.

२०१७च्या १.११मध्ये मोठे निकाल तुकड्यातुकड्यांनी वाचता यावेत म्हणून पोस्टग्रेसवर जँगोची ‘इटरेटर’ ही मेथड सर्व्हर-साइड कर्सर, म्हणजे निकाल सर्व्हरवरच ठेवणारा कर्सर, वापरू लागली, आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. असा कर्सर ज्या कनेक्शनवर उघडला तिथेच जगतो. पीजीबाउन्सर हा पोस्टग्रेसचा कनेक्शन पूलर ट्रान्झॅक्शन पूलिंगवर (दर ट्रान्झॅक्शनला वेगळं कनेक्शन मिळू शकतं) असेल, तर ट्रान्झॅक्शनबाहेर पुढचा फेच भलत्याच कनेक्शनवर जाऊ शकतो आणि ‘असा कर्सरच नाही’ असं उत्तर येतं. त्यामुळे लगोलग १.११.१मध्ये सर्व्हर-साइड कर्सर बंद ठेवण्याचं वेगळं सेटिंग द्यावं लागलं.