सुरतेचा लिंबू-मसाला चहा ते आपला गवती चहा

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेला आला. तिथल्या लोकांच्या चहाबद्दल त्याने नोंद करून ठेवली आहे. पाण्यात पत्तीबरोबर उष्ण मसाले उकळत आणि हा चहा डोकेदुखी, मुतखडा, पोटातला मुरडा यांवर गुणकारी मानत. त्यात खडीसाखर घालत. चोखंदळ मंडळी मुरवलेली छोटी लिंबं घालत. म्हणजे फळ आणि मसाला घातलेला चहा पश्चिम किनाऱ्यावर सव्वातीनशे वर्षांपूर्वीही होता. मसाला चहाच्या पुड्यांवर ‘हजारो वर्षांची परंपरा’ छापलेली असते, तिच्यापेक्षा ही नोंद मला कितीतरी मोलाची वाटते.

सुंठ, मिरी, पिंपळी यांचे काढे आपल्याकडे फार जुने आहेत, यात शंका नाही. पण त्यांत चहाची पत्ती नव्हती. सुरतेला ती चीनमधून जहाजाने येई. आसामातल्या सिंगफो लोकांना चहाचं झाड ठाऊक होतं; १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला ते कळलं आणि पुढच्या दोन दशकांत मळे उभे राहू लागले. मात्र तो चहा निघाला लंडनला. आसामी चहाचा पहिला लिलाव तिथे १८३९ मध्ये झाला.

हा चहा भारतीयांनीही प्यावा, असं मळेवाल्यांना वाटू लागलं ते बऱ्याच उशिरा. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकात, जगभर मंदी असताना, त्याला खरा जोर आला. रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतले फलक लागले, प्रचारक घरोघरी चहा करून दाखवू लागले. शिकवण विलायती पद्धतीची होती: किटली गरम करा, पत्तीवर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, दूध-साखर वरून घाला.

लोकांनी चहा घेतला, शिकवण घेतली नाही. टपरीवाल्यांनी पत्ती, दूध, साखर, आलं, वेलची सगळं एकत्र उकळलं. मळेवाल्यांना ते खुपलं, कारण मसाला आणि दूध वाढलं की पत्ती कमी लागते. आज ज्याला आपण भारतीय चहा म्हणून मिरवतो, तो असा जाहिरातदारांच्या नाराजीतून वाढला. पुण्यातल्या अमृततुल्यांचं वेलची-आल्याचं दुधाळ रूपही त्याच काळातलं. ती दुकानं चालवणारी अनेक कुटुंबं मूळची राजस्थानातली.

१९३० च्या सुमारास आसामात पत्ती चुरडून, फाडून, तिचे दाणे वळणारं यंत्र आलं. त्यातून निघणारा सीटीसी चहा स्वातंत्र्यानंतर देशभर पसरला. तो स्वस्त, कडक आणि गडद. दूध-मसाल्यात उकळूनही त्याची चव टिकते. गरिबाच्या घरी मसाला चहा पोचला, त्याचं मोठं श्रेय मी या दाण्यांना देते.

सुरतेचं लिंबू मात्र दुधापुढे टिकलं नाही. आंबट पडलं की दूध फाटतं. म्हणून फळाचा चहा उरला तो बिनदुधाच्या परंपरांत: बंगालचा काळं मीठ घातलेला लेबू चा, मलबारात बिर्याणीनंतर येणारी सुलेमानी. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की रंगही उजळतो, कारण चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात. घरी संत्रं, डाळिंब, कोकम वापरायचं तर चहा कोराच ठेवावा.

दुधाच्या चहात आलं आधी पाण्यात उकळून घेतात, त्यालाही कारण आहे. कच्च्या आल्यातलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध फाटू शकतं. उकळीत ते निकामी होतं. वेलची उलट शेवटी कुटून घालावी, तिची सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात.

आणि गवती चहा! लिंबाला वास देणारं सिट्रल त्याच्या पात्यांत भरपूर असतं, पण लिंबाचा आंबटपणा नसतो. त्यामुळे दूध न फाटता चहाला लिंबाचा वास येतो. आपल्याकडे कित्येक घरांच्या परसात किंवा गॅलरीतल्या कुंडीत तो असतोच. आल्याबरोबर चार पाती पाण्यात टाकायची, उकळी आली की पत्ती, मग दूध.