डोमिसाईल आणि नागरिकत्व: एकाच कागदावरचे दोन वेगळे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सेतू केंद्रांवर रांगा लागतात, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांना ‘डोमिसाईल’ हवं असतं. हातात पडतो त्या कागदाचं पूर्ण नाव मात्र लांबलचक आहे: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. एकाच सही-शिक्क्याखाली मुलगा भारतीय असल्याचं लिहिलेलं असतं आणि महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचंही. कागद लॅमिनेट करून कपाटात गेला की या दोन गोष्टी एकच आहेत असा समज पक्का होतो. मग वाळूजच्या कंपनीत काम करणाऱ्या बिहारी पोराला कुणी सहज ‘तू कुठं इथला नागरिक?’ म्हणून जातं, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

नागरिकत्व म्हणजे तुम्ही कोणत्या देशाचे. अधिवास म्हणजे तुम्ही कुठे कायमचं ठाण मांडलंय. पहिला प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत जन्मतःच मिटलेला असतो. दुसरा राहणीवर ठरतो, म्हणून तो बदलू शकतो. भारतात नागरिकत्व एकच, भारताचं. महाराष्ट्राचं वेगळं नागरिकत्व नावाची वस्तूच राज्यघटनेत नाही. त्यामुळे बिहारमधला माणूस जालन्यात ‘नागरिक’ असतोच, ‘अधिवासी’ असेल किंवा नसेल.

आधी नागरिकत्व, कारण त्यात तारखांचा खेळ आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. ‘भारतात जन्मला तो भारतीय’ हे आपण गृहीत धरतो. एके काळी ते खरंही होतं. नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारताच्या भूमीवर जन्मलेलं मूल, राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं वगैरे अपवाद सोडले तर, थेट नागरिक. आईबाप कोण हे कुणी विचारत नव्हतं. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आईबापांपैकी एक जण भारतीय असणं आवश्यक झालं. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे पाऊणशे वर्षांत आपण मातीकडून रक्ताकडे सरकलो, आणि तेही फारसा गाजावाजा न होता. आज तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला हा जन्म कुठे आणि कधी झाला याचा पुरावा आहे. त्या बाळाचं नागरिकत्व त्याच्या आईबापांच्या नागरिकत्वावर उभं असतं.

उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून २०२५ मध्ये राज्यभर जो गदारोळ झाला, त्यात हाच घोळ होता. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीने हे काम न्यायालयाकडून महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आलं. एक बाजू म्हणे दाखले वाटून परदेशी लोकांना नागरिक केलं, दुसरी बाजू म्हणे दाखला रद्द झाला म्हणजे आमचं नागरिकत्व गेलं. दोघांनीही दाखल्याला त्याच्या लायकीपेक्षा जास्त मान दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निकाल देताना स्पष्ट सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कुणी नागरिक ठरत नाही. नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानेच ठरतं.

आता अधिवास. महाराष्ट्रात यासाठी साधारण पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लाईट बिल, घरपट्टीची पावती, तलाठ्याचा दाखला, स्वयंघोषणापत्र अशी ती थप्पी असते. काटेकोर बोलायचं तर राज्याचा अधिवास ही कल्पनाच कायद्याला फारशी मान्य नाही. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भारतात अधिवास एकच, भारताचा; राज्यं ज्याला अधिवास म्हणतात तो खरं तर कायमचा रहिवास. जानेवारी २०२५ मध्ये याच धाग्याने जाऊन न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसच्या पातळीवर मात्र राज्याचा कोटा टिकून आहे, म्हणून सेतूपुढची रांगही टिकून आहे.

मराठवाड्याला रहिवासाचा हा हिशेब राज्याच्या आतही सोसावा लागला. वैद्यकीय प्रवेशात सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के उरलेल्यांना, असं सूत्र होतं. आपल्याकडे महाविद्यालयं कमी, लातूर पॅटर्नमधून निघणारी पोरं ढीगभर. मुंबई-पुण्याच्या मुलापेक्षा जास्त गुण घेऊनही उदगीरचा मुलगा बाहेर राहायचा, कारण त्याने बारावी चुकीच्या विभागात केलेली. सप्टेंबर २०२०मध्ये हे सूत्र रद्द झालं. त्या मुलाचं नागरिकत्व कुणी नाकारलं नव्हतं, अधिवासही महाराष्ट्राचाच होता, तरी रहिवासाच्या नावावर त्याची जागा जात होती.

पण पंधरा वर्षं हा आकडा आला कुठून? महाराष्ट्राने तो कुठून घेतला हे मी सांगणार नाही, मात्र मराठवाड्याच्या कानाला तो जुनाच आहे. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथे ‘मुल्की’ नियम होते. उत्तर हिंदुस्थानातून, मद्रासकडून शिकलेली माणसं येऊन संस्थानातल्या नोकऱ्या पटकावतात, ही तक्रार एकोणिसाव्या शतकापासूनची. १९१९ च्या फर्मानाने ठरलं की सरकारी नोकरी मुल्कीलाच. मुल्की कोण? जन्माने संस्थानाची प्रजा असलेला. किंवा पंधरा वर्षं कायम राहिलेला आणि मूळ मुलखी परतण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यापुढे केलेला. मुल्की पुरुषाची बायकोही मुल्की.

या नियमात दोन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या दिसतात. प्रजा असणं हे आजच्या नागरिकत्वासारखं, पंधरा वर्षं राहणं हे अधिवासासारखं, आणि दोन्ही वाटा एकाच शिक्क्याशी येऊन मिळतात. संस्थान स्वतःला देश मानत होतं, तोवर ते चाललं. १७ सप्टेंबर १९४८ला भारताच्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आलं; देश बदलला आणि शिक्का तसाच राहिला, तेव्हा खरी गंमत झाली. संविधानाच्या पाचव्या कलमाप्रमाणे २६ जानेवारी १९५० रोजी परभणीचा शेतकरी, मद्रासचा वकील आणि मुंबईचा कारकून एकाच देशाचे नागरिक झाले. जाता जाता एक नोंद: त्या कलमातही नुसता जन्म पुरत नव्हता. भारतात अधिवास हवा, आणि त्याशिवाय स्वतःचा किंवा आईबापांपैकी एकाचा इथला जन्म, नाहीतर पाच वर्षांचं वास्तव्य हवं. नागरिकत्वाच्या दारात शिरायला अधिवासाचा उंबरठा ओलांडावा लागत होता.

पोलीस कारवाईनंतर बाहेरून अधिकारी आले, त्यांच्यामागून नोकरदार आले, आणि खोट्या मुल्की दाखल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. १९५२ मध्ये ‘गैरमुल्की परत जा’च्या घोषणा घुमल्या आणि सप्टेंबरमध्ये हैदराबाद शहरात गोळीबारात माणसं मेली. परत जा, असं ज्यांना म्हटलं जात होतं ते परदेशी नव्हते. त्यांच्याकडे नागरिकत्व होतं, दाखला नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुल्कीची ब्याद आपल्यापुरती मागे पडली. तेलंगणात ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, १९७३ मध्ये तिथल्या नोकऱ्या आणि प्रवेशांसाठी खास तरतूद करणारं ३७१-ड हे कलम येईपर्यंत चिघळत राहिली, आणि वेगळ्या तेलंगणाच्या मागणीच्या मुळाशीही ती आहेच. माझं मत विचाराल तर राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात जन्मस्थान आणि निवासस्थान यांवरून सरकारी नोकरीत भेदभाव नको असं लिहून, रहिवासाची अट घालायचा अधिकार राज्यांना न देता फक्त संसदेकडे ठेवला, ते शहाणपणाचं झालं. ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या’ अशी घोषणा देणारे पुढारी हे कलम वाचल्याचं दाखवत नाहीत.

जन्म आणि रहिवास कसे फारकत घेतात ते बघायला ऊसतोडीच्या फडात जावं. बीड जिल्ह्यातली जोडपी दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन मुकादमाच्या ट्रकमध्ये बसतात आणि कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्यावर उतरतात. समजा डिसेंबरात तिथेच, फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) किंवा जवळच्या दवाखान्यात, मूल झालं. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, म्हणून दाखला कर्नाटकचा, बहुधा कन्नडमध्ये. आईबाप दोघे भारतीय, तेव्हा नागरिकत्वाचा प्रश्न नाही. मार्चअखेर टोळी परतते आणि मूल धारूरच्या शाळेत जातं. अठरा वर्षांनी ते अभियांत्रिकीला अर्ज करतं. तिथे दहावी-बारावी महाराष्ट्रातून हवी, आणि त्यासोबत अधिवास किंवा महाराष्ट्रातला जन्म, यांपैकी एक. वर्गातल्या इतर मुलांना जन्माच्या नोंदीवर सूट मिळते, याला डोमिसाईलसाठी फेऱ्या माराव्या लागतात. आणि त्यातही मेख अशी की दर हंगामात पाच-सहा महिने बाहेर असलेल्या बापाकडे सलग रहिवासाचे कागद कुठून असणार? शाळेच्या हजेरीपटातही मधले महिने गायब असतात. कायद्याने तो अधिवासी आहेच, कारण कामासाठी बाहेर जाणं म्हणजे घर सोडणं नव्हे. पण ते खिडकीतल्या माणसाला समजावून सांगायचं काम त्या मुलाचं.

अमेरिकेत जन्मतः मिळणाऱ्या नागरिकत्वावरून जो वाद पेटलाय, त्याचा गाभाही हाच आहे. मराठवाड्यातली किती पोरं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर तिकडे आहेत ते सांगायला नको. गल्लीगल्लीत एक घर निघतं. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत म्हटलंय की अमेरिकेत जन्मलेले आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेले सगळे जण अमेरिकेचे, आणि ज्या राज्यात राहतात त्या राज्याचे नागरिक. एकाच वाक्यात देश जन्मावर, राज्य रहिवासावर. तिकडे राज्याचंही नागरिकत्व असतं, म्हणून ही जोडी तिथे उघडी दिसते. १८९८मध्ये वाँग किम आर्क खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या माणसाला नागरिक ठरवलं.

त्या निकालपत्रात आईबापांचा अधिवास अमेरिकेत होता असा उल्लेख आहे. २० जानेवारी २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक वा ग्रीनकार्डधारक नसेल, तर त्या मुलाला जन्मतः नागरिकत्व नाही. त्यांच्या वकिलांचा भर याच उल्लेखावर आहे: आईबापांनी ठाण मांडलेलं हवं, नुसता जन्म नको. विरोधक म्हणतात की दुरुस्तीच्या मजकुरात अधिवासाची अट नाहीच. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सुनावणीला घेतला. आपल्याकडच्या वाहिन्यांनी याला ‘भारतीयांना धक्का’ म्हणून विकलं. त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नाही की ज्या नियमाला अमेरिकेत धक्का म्हणतात, त्याहून कडक नियम आपल्याकडे २००४ पासून लागू आहे.

तिकडे जन्मलेल्या मुलाच्या आजोबांना मात्र एक व्यावहारिक गोष्ट माहीत हवी. अमेरिकन पासपोर्ट घेतलेलं मूल भारताचं नागरिक राहत नाही, कारण आपण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळतं. ते आजन्म व्हिसासारखं आहे, त्यावर मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने स्वीकारताही येत नाही. वारसाने मात्र येते. एमबीबीएसला पाठवायचं ठरवलं तर मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर ओसीआय झालेल्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांकडेच जावं लागतं. आजोळ लातूरचं आहे याने त्यात फरक पडत नाही.

उलट दिशेने आलेल्या माणसाकडे वळू. जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या भट्ट्यांवर बिहार, उत्तर प्रदेशची माणसं आहेत. त्यांना देशात कुठेही राहण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाने दिलाय. घर भाड्याने घेताना, रेशन उचलताना, कामावर लागताना अधिवास लागत नाही. ‘वन नेशन, वन रेशन कार्ड’मुळे गावाकडचं धान्य इथेही मिळतं. मतदार यादीत नाव घालायला तर अधिवासही नको, ‘सामान्यतः रहिवासी’ असणं पुरतं. ती तिसरीच गोष्ट, तिच्यात आत्ता शिरत नाही. राहता राहिला भाषेचा प्रश्न. परदेशी माणसाला अर्ज करून भारताचं नागरिकत्व घ्यायचं असेल तर बारा वर्षांच्या वास्तव्यासोबत आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं, आणि त्या बावीस भाषांत मराठी आहे. डोमिसाईलला मात्र भाषेची अट नाही. भट्टीवरच्या माणसाला घरमालकाने करारनामा कधी करून दिलेला नसतो, लाईट बिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून वीस वर्षं राहूनही त्याची पंधरा वर्षं कागदावर भरत नाहीत. त्याची मुलगी जालन्यात जन्मलेली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली असेल, तर बारावीनंतर अभियांत्रिकीच्या अर्जात तिला तो कागद लागतच नाही.